मालकांची बुटकी काडतुसं

आमच्या परभणीच्या घरमालकांना आवाज म्हणून सहन व्हायचा न्हाई, आन त्यांच्याकडं बंदूक होती. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या, आन दोन्ही खऱ्या. कुणाला सांगितलं की म्हणतात, पोरी, जरा दमानं सांग, कळंना गेलंय. दमानं सांगणं मला येत न्हाई. सध्या मी टायपिंग शिकायलेय, आमच्या ह्यांनी हापिसातलं टाकून दिलेलं मराठी यंत्र घरी आणलंय, त्याच्यावरच हे बडवत बसलेय. मालकांनी हा खडखडाट ऐकला असता तर दोन्ही कान दाबून म्हणले असते, "लेकी, हातानं लिव्ह की. शाईला आवाज नसतो."

लगीन होऊन मी परभणीला आले तेव्हा निजामाच्या राजवटीची शेवटची दोन वर्षं चालली होती. शेवटची हाईत हे तेव्हा आमाला कुठं माहीत! आमचे हे कापसाच्या एका जिनात कारकून. मालकांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आमी भाड्यानं घेतलेल्या. पुढं मालकांचं किराणा दुकान, गाव त्यांना सावकारच म्हणायचं, मधे त्यांचं घर, मागं अंगण, आन अंगणाच्या टोकाला बेलाचं झाड. मालक लिंगायत. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, अंगात बंडी, आन तोंडावर असा थकवा की बघणाऱ्याला वाटावं आताच कुठून तरी चालत आलेत. झोपून उठले तरी तसेच दिसायचे.

आवाज नको म्हणून त्यांनी काय काय केलं होतं ते ऐका. दुकानातल्या तराजूच्या दोन्ही पारड्यांत गोणपाटाचे सारखे तुकडे शिवलेले, वजन ठेवलं तरी खण्ण वाजू नये म्हणून. दर सोमवारी घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल. देवघरातल्या घंटेच्या लोळ्याला फडकं गुंडाळलेलं, ती हलवली की नुसती 'भप' करायची. गिऱ्हाईक मोठ्यानं बोललं की मालक डोळे मिटून घ्यायचे. ते गप्प होईपर्यंत उघडायचेच न्हाईत. नवीन माणूस घाबरायचा, म्हाताऱ्याला काय झालं म्हणून. कुणी काही विचारलं तर त्यांचं एकच उत्तर, तेबी निम्मं ओठांतच, "आवाजानं काय व्हतंय?"

आन ह्या माणसाची बायको कशी असावी! काकींचा आवाज पिंगळीच्या टेसनावर गाडी थांबवील, असं आमचे हे म्हणायचे. काकी भाजीवालीशी बोलल्या तरी गल्लीला वाटायचं भांडण लागलं. आन एक सांगते, दोन वर्षांत मालकांनी त्यांना एकदाबी 'हळू बोल' म्हणलेलं मी ऐकलं न्हाई. काकी बोलायला लागल्या की मालकांचे डोळे मिटायचे न्हाईत. उघडेच राहायचे.

आता बंदूक.

मालकांच्या घराण्यात नेम होता, अंगणातल्या बेलाचं पान लिंगाला वाहिल्याशिवाय जेवायचं न्हाई. पाणी चालायचं, अन्न न्हाई. पान ताजं पाहिजे, झाडावरून थेट पाहिजे, भुईला लागायला नको. झाडावर पाय ठेवायचा न्हाई, ते महादेवाचं झाड. आकडी लावून ओरबाडायचं न्हाई, दगड मारायचा न्हाई. मालकांच्या वडलांच्या काळात ते जमून जायचं, झाड तेव्हा हाताला येत होतं. मग झाड वाढत गेलं. खालच्या फांद्या वाळल्या, पाला गेला शेंड्याला. मालक तेव्हा तिशीचे असतील. हैदराबादेत कुण्या गोऱ्या साहेबाच्या सामानाचा लिलाव होता, तिथून त्यांनी एक बारक्या नळीची बंदूक आणली. बेल पाडायला! आख्ख्या जिल्ह्यात असा विचार दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आला नसता.

पहिल्यांदा बघितली तेव्हा मला ती खेळण्यातलीच वाटली. मालकांनी तळहातावर काडतूस ठेवून दाखवलं. मुगाच्या शेंगेचा तुकडा असावा तेवढं. मालकांना एवढं बोलताना मी परत कधी बघितलं न्हाई.

"हे बघ. मोठ्या काडतुसाला बुडात मधोमध टोपी असती. ह्याला न्हाई. ह्याच्या बुडाच्या काठातच मसाला भरलेला. घोडा काठावर पडला की झालं. दारू म्हणशील तर नावाला. ह्याच बंदुकीत लांब काडतूसबी बसतंय, पण ते लय बोंबलतंय. हे बुटकं बिचारं गप जातंय."

खरंच गप जायचं. लाही फुटावी तेवढा आवाज. सकाळचं ऊन पाठीशी असलं तर गोळी जाताना दिसायची, इतकी सावकाश. शेंड्याच्या मागं जिनाची उंच पडकी भिंत होती, तिला टेकून ती खाली पडायची. मालक म्हणायचे, "पळत न्हाई ती. चालत जाती. म्हणून देठाच्या चार बोटं वर धरायचं, जाता जाता ती उतरती." ओट्यावर बसून, बंदूक खांबाला टेकवून ते नेम धरायचे. बार झाला की बंदूक मांडीवर घ्यायची आन म्हणायचं, "दमलो बाई." जणू शेतभर नांगर धरून आलेत.

काकी झाडाखाली पदर पसरून उभ्या. बिनआवाजाच्या बंदुकीचा सगळा आवाज काकीच करायच्या. आधी भिंतीपलीकडं ओरडून, "कोन हाय का तिकडं? सरका! बार व्हायलाय!" मग मालकांना, "अवो, थोडं उजवीकडं! वारं हाय!" मग, "पडलं! पडलं!" अख्ख्या गल्लीला कळायचं की आता सावकारांची पूजा होणार, मग जेवण. काकीबी त्यांच्या आधी कधी जेवल्या न्हाईत. लगीन झाल्यापासून.

मी राहायला आले त्याच आठवड्यात फुलवाली माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत येऊन बेलाची जुडी ठेवून गेली. मी म्हणलं, मी न्हाई सांगितला. ती म्हणली, "तुमचा न्हाई वो, काकींचा. त्यांचा इथंच असतोय." तेवढ्यात काकी आल्या, जुडी उचलली, दोरा सोडला आन पानं ओच्यात खोचली. माझ्याकडं बघून म्हणल्या, आन हे त्यांच्या मानानं हळू होतं, "मालकांच्या डोळ्यात सारा आलाय, पडदाच म्हण. झाड दिसतंय, पान दिसत न्हाई. तू काय बोलू नको."

म्हणजे कळलं ना? मालक बार काढायचे, गोळी कुठं तरी भिंतीला जायची, आन काकी ओच्यातलं पान पदरात सोडून ओरडायच्या, "पडलं!" त्यातबी काकींची अक्कल बघा. रोज पहिल्याच बाराला पाडलं तर संशय येईल, म्हणून मधनंच एखाद्या दिवशी म्हणायच्या, "हुकलं! जरा खाली घ्या!" दुसऱ्या बाराला पाडायच्या. मालक खूश. बाजारचा बेल रोज लिंगाला वाहायचा आन मग दोघं जेवायला बसायची.

पुढं दिवस वाईट आले. हिंदुस्थानातून माल यायचा बंद झाला. घासलेट न्हाई, मीठ न्हाई, औषध न्हाई. वर्दी घातलेली पोरं गावातून फिरायची, खेड्यांत जाळपोळ झाल्याच्या बातम्या यायच्या. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरात दाराशी एक गाठोडं बांधून ठेवलेलं असायचं, कधी निघावं लागेल त्याचा नेम न्हाई. भीतीचीबी सवय झाली आन सवयीनं माणसं दमून गेली. आमचे हे जिनातून आले की मी विचारायचे, काय ऐकलं? ते म्हणायचे, काय न्हाई. आन भिंतीला टेकून बसायचे, चपला काढायचंबी सुचायचं न्हाई.

बंदुका जमा करा असा हुकूम आला. नाक्यावरचा जमादार मालकांच्या दुकानातूनच गूळ न्यायचा. तो हसून म्हणला, "सावकार की वो फटफटी? उससे तो मक्खी बी नै मरती. रहने देव." त्यामुळं बंदूक राहिली, पण बुटकी काडतुसं कुठून येणार? हैदराबादेच्या दुकानातबी न्हाईत. हाईत ती पुरावीत म्हणून काकींनी आता दर खेपेला पहिल्याच बाराला 'पडलं' म्हणायला सुरुवात केली. मालक मला म्हणाले, "म्हातारपणी नेम बसायलाय बघ माझा. तरुणपणी असा नव्हता."

मी म्हणलं, हो न.

तरी एका संध्याकाळी बुटक्या काडतुसांची डबी संपली. मालक लय वेळ ओट्यावर बसले. मग ट्रंक उघडली. लिलावात बंदुकीबरोबर आलेली लांब काडतुसांची डबी तळाशी पडून होती, कडुनिंबाच्या पाल्यात. इतक्या वर्षांत तिला हात लावला नव्हता. ती घेऊन बसले आन तोंडावर अशी लाज, जणू उद्या त्यांना चौकात नाचायचंय. "शेजाऱ्यापाजाऱ्यांना तरास व्हईल," म्हणले. "आधी सांगायला पाहिजे."

आन सांगायला निघाले. दिवेलागणीला, दारोदार. कधी कुणाच्या उंबऱ्याला न जाणारा माणूस! प्रत्येक घरी जायचे, कडी न वाजवता उभे राहायचे, कुणी बाहेर आलं की कानाशी वाकून सांगायचे, "उद्या सकाळी बंदुकीचा आवाज व्हईल. घाबरू नका. आन कुणाला बोलू नका." बंदूक कुणाची, ते सांगायची त्यांना लाज वाटली. आन बुटक्या काडतुसाच्या बंदुकीला कुणी बंदूक धरतच नव्हतं.

अर्ध्या घंट्यात गल्ली उकळायला लागली. समोरच्या घरात पोरांना कपडे घालायलेत, कोपऱ्यावर बैलगाडी जुंपायलेत. मी धावत बाहेर. "अवो, काय न्हाई! मालकांचीच बंदूक हाय! बेलाची!"

समोरचे काका गाठोडं खांद्यावर घेत म्हणाले, "पोरी, तू नवीन हाईस. सावकार कधी तोंड उघडत न्हाई. आज दारोदार फिरलाय. म्हंजे त्याला आतली खबर हाय."

"पण मी सांगायलेय न तुमाला!"

"तू तर रोजच सांगत असतीस," म्हणल्या त्यांच्या बायको, आन गाडीत बसल्या.

उजाडेपर्यंत गल्ली रिकामी. निम्मे झरीच्या वाटेला, निम्मे पोखर्णीला नरसिंहाच्या देवळात. दारं बंद, चुली बंद, एक कुत्रं तेवढं मधोमध बसलेलं. मालक अंघोळ करून ओट्यावर आले, कान देऊन ऐकलं आन म्हणाले, "आज किती बरं वाटायलंय. अशी सकाळ रोज असावी."

मग नेम धरला.

तो बार मला अजून आठवतोय. नुसता 'फाट' न्हाई, भिंतीवर आपटून परत आला आन पुन्हा गेला. कावळे, पारवे, पोपट, झाडात एवढी पाखरं होती हे मला त्या दिवशी कळलं. मालक बंदूक टाकून कानावर हात. काकी किंचाळून धपकन खालीच बसल्या, आन ओच्यातली सगळीच्या सगळी जुडी मांडीवरच्या पदरात सांडली.

मालक उठले, झाडापाशी आले. पदरात हात घालून चाचपलं.

"एका गोळीत एवढी?"

काकी छातीवर हात धरून बसलेल्या. त्यांचा श्वास बसला नव्हता.

"बघितलंस का ग लेकी?" मालक माझ्याकडं वळले. "एका गोळीत!" आन हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं. त्या दिवशी त्यांनी सगळीच पानं लिंगाला वाहिली, एकबी मागं ठेवलं न्हाई.

दुपारी जमादार आला. मान खाली घालून. "सावकार, ये क्या करे आप? पूरा गाँव भाग गया. ऊपर से पूछ हुई. अब मैं क्या करूँ बोलो?" मालकांनी बंदूक आणून दिली. एवढंच म्हणले, "नीट न्या. आपटू नका." जमादारानं ती फडक्यात गुंडाळली आन दोन्ही हातांवर घेऊन गेला, तान्हं लेकरू न्यावं तशी.

दुसऱ्या दिवशी मालकांनी अंघोळ केली, ओट्यावर बसले आन झाडाकडं बघत राहिले. जेवले न्हाईत.

काकी म्हणल्या, "कालची पानं धुवून वाहा. बेल शिळा व्हत न्हाई म्हणतात."

"आपल्यात रोज ताजा."

आमचे हे म्हणाले, मालक, मी चढतो झाडावर. मालकांनी नुसतं ह्यांच्या पायांकडं बघितलं. हे निमूटपणे आत आले.

"मग बाजारचा आणू का?" काकींनी विचारलं. मला वाटलं त्यांनी नुसता अंदाज घ्यायला विचारलं असावं.

"इतकी वर्षं पाळलंय," मालक म्हणले. "आता शेवटाला मोडू व्हय?"

काकी आत आल्या आन माझ्या चुलीपाशी बसल्या. तो दिवस गेला. त्याच्या पुढचा गेला. गल्लीतली माणसं एकेक करून परत आली, गाठोडी परत दाराशी ठेवली, मालकांना कुणी काही बोललं न्हाई. त्यांचा चेहरा बघून बोलायला जीभ रेटली नसती. मालक पाण्यावर, काकीबी पाण्यावर. वय साठीच्या पुढं, अंगात काय होतं त्यांच्या! तिसऱ्या दिवशी रांजणातून तांब्या भरताना काकींचा झोक गेला. मी धरलं म्हणून पडल्या न्हाईत. हात गार लागला.

"काकी, सांगून टाका त्यांना."

"काय सांगू? तुमचा नेम कवाच मोडलाय म्हणून? बेलाचाबी आन बंदुकीचाबी?" काकी भिंतीला टेकल्या. "एवढी एकच गोष्ट हाय ग त्या माणसाजवळ. ती काढून घेतली तर लाजंनंच जाईल."

"आन न सांगितलं तर भुकेनं जातील. तुमीबी जाल. तुमी आधी जाल."

त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणल्या, "मी गेल्यावर त्याला कोन वाढील?" आन उठल्या. मी मागं गेले, परत झोक जाईल म्हणून.

मालक ओट्यावर आडवे झालेले. काकी शेजारी बसल्या. मला वाटलं, निदान हे तरी कानात सांगतील. पण काकींना तसलं बोलणं आयुष्यात जमलं नव्हतं.

"अवो! तुमच्यानं बेल पडत नव्हता! मीच टाकीत व्हते पदरात!"

समोरच्या ओट्यावरचे काका तंबाखू मळायचे थांबले. पलीकडच्या दारातल्या बायका आत गेल्या आन फटीतून बघायला लागल्या.

मालक उठून बसले. त्यांचे डोळे उघडेच होते.

"कवापासनं?"

"तुमच्या डोळ्यात सारा आला तवापासनं."

"मग मी वाहत काय व्हतो?"

"बाजारचा. फुलवालीचा."

मालकांनी गळ्यातली डबी मुठीत धरली. मला वाटलं आता संपलं. काय संपलं ते माहीत न्हाई, पण संपलं. काकींनी पदर तोंडाला लावला. गल्लीत इतकी शांतता की मालकांना बरं वाटायला पाहिजे होतं, पण त्यांचं तिकडं ध्यानच नव्हतं.

"त्या दिवशीची? एका गोळीत एवढी?"

"तीबी."

"एकबी लागली न्हाई?" त्यांनी विचारलं, आन आवाज असा की ते बेलाचं विचारायलेत का स्वतःचं, कळंना. "इतक्या दिवसांत एकबी?"

काकी थांबल्या. "एक लागली व्हती. पाडव्याला."

"मागच्या?"

"मागच्याच. शेंड्याचं पान. देठासकट आलं."

मालक झाडाकडं बघत बसले. सावली ओट्यावरून खाली उतरली. समोरच्या काकांनी मळलेली तंबाखू तशीच हातात धरलेली.

"म्हंजे महादेवानं इतके दिवस बाजारचाच घेतला," मालक म्हणले.

"घेतला की. कधी नको म्हणला का?"

"न्हाई." त्यांनी मुठीतली डबी सोडली. छातीवर ती जागच्या जागी बसली. "मग वाढ."

काकींच्या घरात तीन दिवस चूल न्हाई, दळलेलं पीठ न्हाई. मी पळत आत गेले, चूल फुंकली, भाकऱ्या थापायला बसले, हात इतके घाईत की पहिली फाटलीच. अंबाडीची भाजी होती, ठेचा होता. मालकांनी आमच्याच खोलीत बसून लिंगाला नुसतं भस्म आन पाणी वाहिलं. मग दोघं शेजारी शेजारी जेवायला बसली. काकींनी त्यांच्या आधी घास घेतला न्हाई, तेवढं मात्र मोडलं न्हाई.

निम्मी भाकरी झाल्यावर मालक थांबले.

"पाडव्याला वारं व्हतं का ग?"

"व्हतं," काकी तोंडातला घास तसाच ठेवून म्हणल्या. "चांगलं सुटलं व्हतं. तरी लागली."

मालकांनी मान हलवली आन आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.

पाडव्याला मी माहेरी होते. मला काय माहीत न्हाई.